भीती जेव्हा पुरावा बनते : सेलम १६९२ चा अभ्यास

माणसाला भीती वाटणे स्वाभाविक आहे. रोगाची, युद्धाची, उपासमारीची भीती ज्याला वाटत नाही असा समाज जगाच्या पाठीवर सापडणार नाही. भीती माणसाला सावधही करते. परंतु हीच भीती एका वेळी सबंध गावाला ग्रासते आणि आपल्या दुःखाला जबाबदार असा कोणीतरी माणूस त्या गावाला हवासा वाटू लागतो, तेव्हा गावातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीचे आयुष्य धोक्यात येते. हे कोणत्या पायऱ्यांनी घडते आणि कोणत्या पायरीवर ते थांबवता येते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

यासाठी आम्ही अमेरिकेतील सेलम येथील १६९२ सालचे चेटकिणींचे खटले हे उदाहरण घेतले आहे. याहून मोठे आणि अधिक भीषण छळ जगात झाले. परंतु सेलमचे प्रकरण अभ्यासाला सोयीचे आहे. ते सुमारे सव्वा वर्षात सुरू होऊन संपले, आणि त्यातील वॉरंटे, जबान्या व अर्ज मोठ्या प्रमाणात आजही उपलब्ध आहेत. एखाद्या रोगाचा आरंभ, वाढ आणि उतार वैद्याने नोंदवून ठेवावा, तसे हे प्रकरण आपल्यासमोर आहे.

१. गाव कशाने घाबरले होते?

मॅसॅच्युसेट्स ही त्या काळी इंग्रजांची वसाहत होती. सेलम गाव म्हणजे आजचे डॅनव्हर्स. तेथील लोक कडव्या प्युरिटन पंथाचे होते. सैतान प्रत्यक्ष वावरतो आणि माणसांशी करार करून त्यांच्याकडून चेटूक करवतो, यावर त्यांचा विश्वास होता. चेटूक हा कायद्यानेही देहान्त शिक्षेचा गुन्हा होता.

या श्रद्धेला तत्कालीन परिस्थितीने खतपाणी घातले. उत्तर सरहद्दीवर फ्रेंच व त्यांचे मूलनिवासी मित्र यांच्याशी युद्ध चालू होते. जानेवारी १६९२ मध्ये मेन प्रांतातील यॉर्क या वस्तीवर हल्ला होऊन अनेक माणसे मारली गेली. घरेदारे सोडून आलेले निर्वासित आसपासच्या गावांत राहत होते. वसाहतीची जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती आणि नवी अद्याप हाती आलेली नव्हती. गावातही जमिनीच्या हद्दी, धर्मोपदेशकाचे वेतन, त्याला द्यावयाचे सरपण यांवरून तट पडले होते. सारांश, भीतीची कारणे खरी होती. तिचे खापर मात्र खोट्या जागी फुटले.

२. पहिला बळी कोणाचा?

जानेवारी १६९२ मध्ये गावचे धर्मोपदेशक सॅम्युअल पॅरिस यांची ९ वर्षांची मुलगी बेट्टी व ११ वर्षांची नात्यातील मुलगी ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग वेडेवाकडे करीत, कोणी चिमटे काढते व टोचते असे म्हणत. वैद्याला रोग सापडला नाही. त्याने हा दुष्ट शक्तीचा प्रकार असल्याचे सांगितले. लवकरच इतर मुलींनाही तसेच होऊ लागले.

आमच्या वाचकांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली स्त्रिया ओरडतात, घुमतात, कुत्र्यासारखा आवाज काढतात, आणि एकीचे पाहून दुसरीला तसेच होते. मनावरचा असह्य ताण शरीरावाटे बाहेर पडतो आणि तो सांसर्गिकही असू शकतो. अशा व्यक्तीला ढोंगी म्हणून हिणवणे जसे चूक, तसे तिच्या तोंडून निघालेले नाव गुन्हेगाराचे समजणेही चूक. सेलमच्या मुलींचे दुःख कितपत खरे होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या भोवतीच्या मोठ्या माणसांनी 'तुम्हाला काय होते?' याऐवजी 'तुम्हाला कोण छळते?' हा प्रश्न धरून ठेवला, आणि तेथून सारे बिघडले.

२९ फेब्रुवारी १६९२ रोजी तिघींच्या नावे वॉरंटे निघाली. टिट्युबा ही पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री होती. सारा गुड ही दारोदार मागून पोट भरणारी गरीब स्त्री होती. सारा ऑस्बोर्न आजारी होती, बराच काळ चर्चला गेलेली नव्हती आणि मालमत्तेच्या वादात अडकलेली होती. एक गुलाम, एक भिकारीण आणि एक समाजाच्या नजरेतून उतरलेली स्त्री! विद्यार्थ्यांनी ही निवड नीट ध्यानात घ्यावी. अफवा आंधळी असते असे आपण म्हणतो, पण ज्याच्या मागे कोणी उभे राहणार नाही अशा माणसाचे घर तिला बरोबर सापडते.

३. पुरावा म्हणून काय मानले गेले?

१ मार्च रोजी जॉन हॅथॉर्न व जोनाथन कॉर्विन या दंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी सुरू झाली. प्रश्न असे होते की गुन्हा झाल्याचे आधीच गृहीत धरलेले असे. कोणत्या दुष्ट शक्तीशी तुझा संबंध आहे? या मुलांना तू का छळतेस?

पुढे मे महिन्यात नवे राज्यपाल विल्यम फिप्स यांनी खास न्यायालय नेमले. विल्यम स्टाउटन त्याचे मुख्य न्यायाधीश होते. या न्यायालयाने ज्या पुराव्याला मोठे वजन दिले, त्याला आपण 'छायारूपाचा पुरावा' म्हणू. आरोपीचे शरीर कोठेही असो, तिचे छायारूप आपल्याला दिसते आणि छळते, असे फिर्यादी म्हणत. ते रूप फिर्यादीखेरीज कोणालाच दिसत नसे.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. आरोपी त्या रात्री आपल्या घरी नवऱ्याशेजारी झोपली होती हे दहा जणांनी शपथेवर सांगितले, तरी उपयोग नाही, कारण छळणारी तिची छाया होती! ज्या आरोपाचे खंडन कोणत्याच मार्गाने करता येत नाही, तो आरोप सिद्धही होऊ शकत नाही, हे न्यायाचे साधे तत्त्व. येथे मात्र खंडन अशक्य असणे हेच आरोपाचे बळ ठरले. मुलींना वाटलेली भीती हाच गुन्ह्याचा पुरावा मानला गेला.

रिबेका नर्स या ७१ वर्षांच्या धर्मनिष्ठ वृद्धेचा खटला या दृष्टीने बोलका आहे. तिच्या चांगल्या वर्तनाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर ३९ शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. तो निर्णय ऐकताच फिर्यादी मुलींनी मोठा आक्रोश केला. मुख्य न्यायाधीशांनी ज्यूरीचे लक्ष आरोपीच्या एका वाक्याकडे वेधले आणि ज्यूरी पुन्हा विचाराला बसली. त्या वाक्याचा अर्थ तिला विचारण्यात आला, तेव्हा ती गप्प राहिली. तिला ऐकू कमी येत होते. तिचे मौन अपराधाची खूण मानले गेले आणि 'निर्दोष'चे 'दोषी' झाले. १९ जुलै रोजी तिला फाशी देण्यात आली.

१९ ऑगस्टला फाशी गेलेल्यांत जॉर्ज बरोज हे माजी धर्मोपदेशक होते. चेटूक करणाऱ्याला येशूची प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही, अशी समजूत होती. बरोज यांनी फाशीच्या जागी ती बिनचूक म्हटली. जमलेले लोक क्षणभर चलबिचल झाले. तरीही फाशी थांबली नाही. समाजाने स्वतः ठरवलेल्या कसोटीला आरोपी उतरला, तरी उन्माद ती कसोटी बाजूला सारतो. त्याला उत्तर नको असते, बळी हवा असतो.

४. कबुलीचा सापळा

टिट्युबाने चेटकाची कबुली दिली आणि आणखी साथीदार असल्याचे सांगितले. मालकाने मारहाण करून आपल्याकडून हे वदवून घेतले, असे तिने पुढे सांगितल्याची नोंद आहे. या कबुलीने लोकांची खात्री पटली, आणि 'आणखी कोण?' हा शोध सुरू झाला.

खटले पुढे सरकले तशी एक विलक्षण गोष्ट लोकांच्या लक्षात आली. जो कबूल करतो तो जगतो, जो नाकारतो तो मरतो. कबुली देऊन ती कायम ठेवणाऱ्यांपैकी कोणालाही फाशी झाली नाही. फाशी गेलेल्या एकोणीसही जणांनी आपण निर्दोष असल्याचे सांगितले होते. कबुली देणाऱ्याला अर्थातच इतरांची नावे द्यावी लागत. अशा रीतीने खोटे बोलण्याला जीवदान आणि खरे बोलण्याला मृत्यू, असा उलटा न्याय चालू झाला. जितक्या कबुल्या तितके नवे आरोपी, आणि जितके आरोपी तितकी लोकांची भीती अधिक पक्की. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. त्यांत सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी डोरोथी हीसुद्धा होती. त्या पोरीला साखळ्या घालून कित्येक महिने तुरुंगात ठेवले. तिच्या आईला फाशी झाली. १७१० मध्ये तिच्या वडिलांनी सरकारकडे केलेल्या अर्जात म्हटले आहे की, त्या तुरुंगवासापासून मुलीला स्वतःला सांभाळण्याइतकी शुद्ध राहिली नाही.

५. जे बोलले त्यांचे काय झाले?

शंका घेणारे लोक सेलममध्ये नव्हते असे नाही. मार्था कोरी या स्त्रीने सुरुवातीलाच या मुलींच्या बोलण्यावर अविश्वास दाखवला. तिच्यावरच आरोप आला. प्रारंभी तिच्या नवऱ्याने, जाइल्स कोरीने, तिच्याविरुद्ध जबानी दिली, आणि नंतर तोही पकडला गेला. सुमारे ८० वर्षांच्या या शेतकऱ्याने न्यायालयापुढे खटल्यास उभे राहण्याचे नाकारले. तेव्हा त्याच्या अंगावर जड दगड रचत गेले आणि १९ सप्टेंबर रोजी तो त्याखाली मरण पावला. तीन दिवसांनी मार्थाला फाशी झाली. जॉन प्रॉक्टर यांनी तुरुंगातून बोस्टनच्या धर्मोपदेशकांना पत्र लिहून कळवले की, आपल्या मुलाचा छळ करून कबुली मागितली जात आहे. त्यांनाही फाशी झाली. नॅथॅनिअल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशाने न्यायालयाचे काम सोडले, पण त्यामुळे खटले थांबले नाहीत.

१० जूनला ब्रिजेट बिशप ही पहिली स्त्री फाशी गेली आणि २२ सप्टेंबरला शेवटचे आठ जण. एकूण १४ स्त्रिया व ५ पुरुष फाशी गेले, एक जण दगडांखाली मेला आणि किमान पाच जण तुरुंगात मरण पावले. सेलममध्ये चेटकिणींना जाळले अशी सर्वत्र समजूत आहे, ती खरी नाही. तेथे जाळण्याची शिक्षा कोणालाही झाली नाही.

६. हे थांबले कसे?

या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सेलमचे लोक एका रात्रीत विज्ञाननिष्ठ झाले नाहीत. सैतानावरची आणि चेटकावरची त्यांची श्रद्धा तशीच होती. मग बदलले काय?

ऑक्टोबर १६९२ मध्ये इन्क्रीज मॅथर या मान्यवर धर्मोपदेशकाने छायारूपाच्या पुराव्यावर कोणालाही दोषी ठरवू नये, असे प्रतिपादन केले. एका निर्दोष माणसाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते. धर्मोपदेशकांनी जूनमध्येच सावधगिरीचा सल्ला दिला होता, पण तेव्हा तो पुरेसा ठाम नव्हता. दरम्यान आरोप गरिबांच्या झोपड्यांवरून प्रतिष्ठितांच्या दारापर्यंत आले होते. राज्यपालांच्या पत्नीचेही नाव घेतले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले.

जानेवारी १६९३ मध्ये नवे न्यायालय बसले. न्यायाधीशांपैकी बरेच जण पूर्वीचेच होते. मुख्य न्यायाधीशही स्टाउटनच होते. फरक एकच होता. छायारूपाचा पुरावा आता ग्राह्य नव्हता. एवढ्या एका फरकाने जवळजवळ सर्व आरोपी सुटले. तिघांना दोषी ठरवण्यात आले, पण त्यांचीही फाशी टळली. मे १६९३ मध्ये उरलेल्यांची मुक्तता झाली. ज्यांच्याजवळ तुरुंगाचा खर्च भरायला पैसे नव्हते त्यांना मात्र निर्दोष असूनही आतच राहावे लागले, आणि टिट्युबा त्यांपैकी एक होती.

यावरून आम्ही पुढील निष्कर्ष काढतो. लोकांच्या मनातून भीती काढून टाकायला पिढ्या लागतात. परंतु भीतीला पुरावा म्हणून नाकारायला एक नियम आणि तो पाळण्याचे धैर्य असलेली थोडी माणसे पुरतात. असे धैर्य वेळेवर दाखवले गेले असते, तर ती वीस माणसे वाचली असती.

७. पश्चात्ताप आणि उशीर

१४ जानेवारी १६९७ हा दिवस वसाहतीने उपवासाचा व प्रायश्चित्ताचा म्हणून पाळला. त्या दिवशी सॅम्युअल सीवॉल हे न्यायाधीश बोस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या अपराधाची कबुली वाचण्यात आली. बारा ज्यूरींनीही लेखी क्षमा मागितली. मुख्य न्यायाधीश स्टाउटन यांनी मात्र कधीही क्षमा मागितली नाही. फिर्यादी मुलींपैकी ॲन पटनम हिने १७०६ मध्ये चर्चमध्ये क्षमायाचना केली. १७११ मध्ये अनेकांची शिक्षा रद्द होऊन वारसांना भरपाई मिळाली.

तरीही काही नावे राहून गेली. १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या तिघांपैकी एलिझाबेथ जॉन्सन ही एक होती. ती फाशीतून वाचली, पण तिचा दोष कागदावर कायम राहिला. तिला मूलबाळ नव्हते, त्यामुळे तिच्या वतीने भांडायला वारस नव्हते. अखेर मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राच्या वर्गात हा विषय हाती घेतला, कागदपत्रे तपासली, आमदारांना पत्रे लिहिली. जुलै २०२२ मध्ये कायद्याने तिला दोषमुक्त केले. ३२९ वर्षांनी! आमच्या विद्यार्थी मित्रांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

८. राईनपाडा, २०१८

सेलम दूर आहे आणि १६९२ साल त्याहून दूर, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रातच धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ हा तेथील आठवडे बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून उपजीविका करणारी पाच माणसे त्या दिवशी तेथे आली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले.

त्या काळात ही अफवा देशातील अनेक राज्यांत फिरत होती. जूनमध्ये आसामातील कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दोन तरुण अशाच जमावाच्या हातून मारले गेले. मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचे जे चित्रण लोक घाबरून एकमेकांना पाठवत होते, ते मुळात कराचीतील एका जनजागृतीच्या चित्रफितीचे होते. मूल परत आणून ठेवतात तो शेवटचा भाग कापून टाकलेला होता. सेलमच्या मुलींना दिसणारी छाया आणि मोबाइलच्या पडद्यावरचे हे अर्धवट चित्र यांत फरक तो किती?

फरक असेल तर तो उलट दिशेचा आहे. सेलममध्ये निदान न्यायालय होते, म्हणून नियम बदलताच छळ थांबू शकला. राईनपाड्यात न्यायालयाला वेळच मिळाला नाही. बळीची निवड मात्र तीच होती. ज्याला गावात घर नाही, ज्याची ओळख सांगणारे कोणी नाही, असा भटका माणूस. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण भटक्यांकडे संशयाने पाहण्याची दृष्टी समाजाच्या मनातून रद्द झालेली नाही.

त्यानंतर १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्यांविषयी निर्देश दिले. त्यांत प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमणे आणि खटले जलदगतीने चालवणे यांचा समावेश आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने राईनपाडा प्रकरणी सात जणांना जन्मठेप सुनावली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवून छळणे हा या कायद्याने गुन्हा आहे. कायदे आहेत, हे चांगलेच आहे. परंतु जमाव जमतो त्या अर्ध्या तासात कायदा तेथे नसतो. तेथे तुम्ही-आम्हीच असतो.

९. आपण काय करावे?

(१) ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी विचारावे : हे कोणी पाहिले? कोठे? केव्हा? नाव-गाव नसलेला, 'सर्वांना कळवा' म्हणणारा संदेश आपल्यापाशीच थांबवावा.

(२) जो आरोप कोणत्याही उत्तराने खोटा ठरू शकत नाही, त्यावर विश्वास ठेवू नये.

(३) 'तो नाकारतो म्हणजे नक्कीच लपवतो' हा तर्क कधीही मान्य करू नये. याच तर्काने एकोणीस जण फाशी गेले.

(४) संशयित परका असला तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे आणि ते येईपर्यंत त्याच्या जवळ उभे राहावे. मारहाण पाहणे आणि तिचे चित्रण करणे हा तिच्यातला सहभागच होय.

(५) गावातील शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील, डॉक्टर यांनी पहिल्याच दिवशी बोलावे. सेलममधील मान्यवर ऑक्टोबरमध्ये ठामपणे बोलले. तोपर्यंत फाशीचे काम उरकले होते.

(६) झटके येणाऱ्या, घुमणाऱ्या व्यक्तीला दवाखान्यात न्यावे. तिला नावे विचारू नयेत.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. सेलममध्ये प्रथम आरोप झालेल्या तीन स्त्रिया आणि राईनपाड्यातील पाच माणसे यांच्या सामाजिक स्थितीत कोणते साम्य आहे?

२. जानेवारी १६९३ मध्ये लोकांची श्रद्धा कायम असताना आरोपी का सुटले?

३. रिबेका नर्सच्या अर्जावर सही करणाऱ्या ३९ शेजाऱ्यांनी धोका पत्करला होता. आपल्या वस्तीत अशी वेळ आली, तर अर्जावर सही करणारे किती जण निघतील? त्यांत आपले नाव असेल काय?